भाऊजींचं पात्रवाटप

जगात आजवर निघालेल्या एकाही सिनेमात माणसं बरोबर घेतलेली नाहीत, हे ज्याला छातीठोकपणे माहीत होतं असा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आम्ही त्यांना भाऊजी म्हणायचो. लातूरच्या एका टॉकीजमध्ये ते ऑपरेटर होते, म्हणजे मशीनवर रिळं चढवणारे. भिंतीतल्या वीतभर चौकोनी भोकातून एकच सिनेमा दिवसातून चार-चार वेळा बघायचा, असं त्यांचं उभ्या जन्माचं काम. आता मला सांगा, एकच भाजी माणसानं दिवसातून चारदा, अशी तीन आठवडे खाल्ली तर तिच्यात काय कमी आहे हे त्याला कळणारच की नाही? तसं भाऊजींना कळायचं. पहिल्या दिवशी ते गप्प असत. दुसऱ्या दिवशी नुसती मान हलवत. तिसऱ्या दिवशी घरी जेवायला बसले की पहिला घास हातात धरूनच सुरू होत, "त्या हिरोला उपाशी मास्तराचं काम दिलंच कसं म्हनतो मी? गाल बघा त्याचे! सकाळी साजूक तुपातला शिरा खाऊन आलेला माणूस हाय तो. अन् मागं तो गुंडाच्या टोळीतला काडीपैलवान उभा हाय, दोन सीनपुरता, एक शब्द बोलत न्हाई. त्याच्या डोळ्यात बघा भूक. त्याला मास्तर करा अन् ह्या गुटगुटीताला सावकार करा, सिनेमा पन्नास आठवडे हलत न्हाई." अक्का, म्हणजे माझी बहीण, म्हणायची, "अहो, घास घ्या की. भूक तुमच्यासमोर ताटात वाढलीय." पण त्यांचं लक्ष कुठलं! ते हातातल्या घासानंच सावकार आणि मास्तर यांची अदलाबदल करत असत.

बरं, नुसतं टीका करून थांबणारे ते नव्हते. सिनेमाची जी साप्ताहिकं तेव्हा न्हाव्याच्या दुकानात आणि टॉकीजच्या मालकाच्या टेबलावर पडलेली असत, त्यांत कधीकधी आतली बातमी यायची. हे काम आधी अमक्याला देऊ केलं होतं, त्यानं नाही म्हटलं. हा सिनेमा आधी तमका दिग्दर्शक करणार होता, पण त्याचं निर्मात्याशी बिनसलं. अशी बातमी दिसली की भाऊजी ती कापून एका जाड वहीत डकवत आणि खाली आपलं मत लिहीत. 'नाही म्हणाला, बरं केलं.' किंवा, 'नाही म्हणाला. वाटोळं केलं.' त्यांचं असं म्हणणं होतं की प्रत्येक निघालेल्या सिनेमाच्या पाठीमागं एक न निघालेला सिनेमा उभा असतो आणि तोच खरा चांगला असतो. आणि तो न निघालेला सिनेमा भाऊजींनी बघितलेला असायचा! पहिल्या नावापासून शेवटपर्यंत. कुठं गाणं आहे, कुठं पाऊस पडतो, आईचं काम करणारी बाई दारात कशी उभी राहते, सगळं. एका दिवाळीत आम्ही लातूरला गेलो होतो तेव्हा त्यांनी ओसरीवर बसून आमच्या ह्यांना असा एक सिनेमा सांगितला. हसवणाऱ्या नटाला त्यांनी त्यात मुलगा हरवलेल्या बापाचं काम दिलं होतं. "ज्याला जन्मभर हसताना बघितलं तो गप झाला की आपल्याला धस्स होतंय का न्हाई? मग!" असं म्हणून तो बाप स्टेशनवर रिकाम्या डब्यात कसा डोकावतो ते त्यांनी करून दाखवलं. आमचे हे नांदेडला पाटबंधारे खात्यात नोकरीला, स्वभावानं अगदी कोरडे. पण रुमाल काढून डोळे पुसत होते. जो सिनेमा कधी निघालाच नाही त्याला रडलेला नांदेडमधला हा पहिलाच माणूस असेल.

दिग्दर्शकांच्या बाबतीत तर ते फारच कडक होते. मारामारीवाल्या दिग्दर्शकानं प्रेमाचा सिनेमा काढला की म्हणायचे, "ह्याचं प्रेम बी धापा टाकून राहिलं." रडवणाऱ्या दिग्दर्शकानं विनोदी काढला की म्हणायचे, "लोक हसायच्या आधी परवानगी मागून राहिले." आणि एकदा तर त्यांनी स्वतःच हात घातला. सिनेमा कौटुंबिक होता. शेवटाकडे आई मरते आणि मग दोन्ही सुना पस्तावतात. भाऊजींनी पहिले दोन दिवस तो मुकाट्यानं दाखवला. तिसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला त्यांनी आई मरते ते रीळ चढवलंच नाही. आई खाटेवर आजारी आणि लगेच पुढच्या रिळात सुना हात जोडून उभ्या, तिथं आईच्या फोटोवर हार होता म्हणून तेवढा तुकडाही त्यांनी कापून बाजूला ठेवला. बायकांच्या बाजूला काय आनंद झाला म्हणता! सुनांना वेळेत अक्कल आली, म्हातारी वाचली. एक बाई तर दुसऱ्या दिवशी आपल्या सासूला घेऊन आली. पण त्या खेळाला नेमका मालक येऊन बसला. तो धावत वर केबिनमध्ये गेला. "म्हातारी कुटं हाय?" म्हणाला. भाऊजी म्हणाले, "हाय की. बरी हाय." "तुमी आपरेटर हाव का डायरेक्टर?" "मालक, तिला मारायची काही गरजच नव्हती. त्या बाईला नुसता ताप आला तरी सुना सुधरत होत्या. तेवढ्या दमाची नटी हाय ती." मालकानं कपाळाला हात लावला आणि संध्याकाळच्या खेळापासून म्हातारी पुन्हा मरायला लागली. पण त्या दीड दिवसात ज्यांनी सिनेमा पाहिला ते लोक नंतर कितीतरी दिवस दुसऱ्यांशी भांडत, की त्या सिनेमात आई मरतच नाही म्हणून.

हे सगळं पडद्यापुरतं राहिलं असतं तर मी आज लिहायला बसलेच नसते. पण भाऊजींना हाडामासाची माणसंही तशीच दिसायची. पोस्टातला मनुष्य शिक्का मारायला लागला की ते मला हळूच म्हणत, "ह्याला शाळेत घालायला पायजे होतं. पोरांना धाक राहिला असता." माझ्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, त्यांनी माझ्या वडलांच्या कानात सांगितलं, "नवरदेव चांगलाच हाय, पर ह्या कामाला त्याचा धाकटा भाऊ जास्त शोभला असता." वडील त्यांच्याशी सहा महिने बोलले नाहीत. मला हे पुढं कळलं तेव्हा मी हसले, पण धाकट्या दिरांकडे बघताना उगीच चार दिवस चोरट्यासारखं वाटलं. मला तेव्हा वाटायचं, की या माणसाला लोकांच्या जागा बदलण्याची हौस आहे. हौस नव्हती ती. ती भीती होती. चुकीच्या जागी चुकीचं माणूस उभं राहिलं की काहीतरी वाईट होतं, हे त्यांच्या मनात कुठंतरी घट्ट बसलेलं होतं. पण हे मला फार उशिरा समजलं, भूकंपानंतर.

तो भूकंप आमच्या बाजूच्या लोकांना सांगावा लागत नाही. लातुरात भाऊजींचं घर पडलं नाही, पण वरच्या खोलीच्या भिंतीला कोपऱ्यातून एक भेग गेली ती गेलीच. भाऊजींनी त्या भेगेवर ठिकठिकाणी सिनेमाच्या जुन्या जाहिरातींचे कागद आडवे चिकटवले. कागद फाटला म्हणजे भेग रुंदावली, असं कुणीतरी इंजिनियरनं त्यांना सांगितलं होतं. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ते वर जाऊन सगळे हिरो-हिरॉइनी धड आहेत का ते बघून येत. जमीन नंतरही अधूनमधून हलायची, कधी महिन्याला, कधी चार महिन्यांनी, भांडी वाजण्यापुरती. भांडी वाजली की सगळी गल्ली रस्त्यावर.

आणि अशा या घरात मी माझी एकुलती एक मुलगी ठेवली. का ठेवली, तर त्या दिवसांत सगळ्यांनीच ठेवल्या. भूकंपानं लातूर हादरलं खरं, पण क्लासेसनी ते भरून टाकलं. बारावी म्हणजे लातूर, मेडिकल म्हणजे लातूर, असं वारंच सुटलं होतं. गल्लीगल्लीत पाट्या, सायकलींच्या रांगा, जिथं पत्र्याचं शेड आहे तिथं फळा आणि बाकं. आमची मंजू दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा नात्यातलं प्रत्येक माणूस विचारायला लागलं, "मग लातूरला कवा धाडता?" अक्काचं घर होतं, म्हणून निदान जेवणाची फिकर नव्हती. अक्कानं वरच्या खोलीत आणखी दोघी मुली ठेवून घेतल्या होत्या. एक अर्धापूरची, केळीच्या बागायतदाराची, अंगापिंडानं दणकट; दुसरी धर्माबादची, बारीक, घाऱ्या डोळ्यांची, सदा घाईत असलेली. भाऊजी त्यांना गावाच्या नावानंच हाक मारत. मी पंधरा दिवसांनी एकदा नांदेडहून एस.टी.नं जायची, डब्यात चिवडा आणि पिशवीत काळजी घेऊन. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं जे शिकले ते वाचनालयातली पुस्तकं आणून, चुलीपाशी बसून. म्हणून मंजूनं शिकावं हे मला फार होतं. आणि ती त्या भेगेखाली झोपते हे आठवलं की सगळं शिक्षण जाऊ दे चुलीत असंही व्हायचं. नांदेडला भांड्याला भांडं लागलं तरी मी दचकायची. आमचे हे म्हणायचे, "एक काय ते ठरव. ठेवायची का आणायची." तेच तर ठरत नव्हतं.

एकदा गेले तर काय, दाराच्या आतल्या बाजूला एक मोठा कागद डकवलेला, वर ठळक अक्षरात 'पात्र-परिचय'. खाली यादी. 'कडी काढणारी: धर्माबाद. गॅस बंद करणारी: घरमालकीण. पाण्याची कळशी आणि बॅटरी घेणारी: अर्धापूर.' आणि तळाशी, 'जिला खाली आणायचे ती: मंजू.' जमीन हलली तर कुणी काय करायचं याचं भाऊजींनी वाटप केलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, हे चांगलं केलंत बघा." ते म्हणाले, "कुठलं चांगलं! सकाळपासून तिसऱ्यांदा बदलून राहिलो. धर्माबाद कडीवर नको. घाईनं तिचे हात कापतेत. कडीला थंड माणूस पायजे. तुमची बहीण थंड हाय, पर तिला गॅसवर ठेवली." अक्का आतून म्हणाली, "थंड म्हणून गॅसवर! लग्नाला सव्वीस वर्सं झाली, हेच चाललंय." मी विचारलं, "आणि मंजूला काहीच काम नाही होय?" तर म्हणाले, "तिला जपायचं. तिचा चेहराच तसला हाय, मेव्हणीबाई. पडद्यावर जिला हिरो खांद्यावर घेऊन पळतो न्हाई का, तसला. ती पुस्तकात डोकं घालून कानात कापूस कोंबून बसती. जग बुडालं तर तिला कळायचं न्हाई. कुनीतरी तिला आणायला पायजेच."

यादी नुसती लावून ते थांबले नाहीत. रोज क्लास सुटल्यावर तालीम. भाऊजी अंगणात उभे राहून टाळी वाजवत आणि ओरडत, "हलली! हलली जमीन!" पहिल्याच तालमीला शेजारची तीन घरं खरोखर रस्त्यावर आली. एक गृहस्थ अर्धी दाढी साबणात, अर्धी मोकळी, अशा अवस्थेत कडेवर दुसऱ्याच कुणाचं तरी पोर घेऊन उभे होते. ते जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. मग भाऊजींनी ओरडणं सोडून ताटलीवर चमचा वाजवायला सुरुवात केली, तर मुली जेवायला बोलावलं असं समजून हात धुऊन आल्या. शेवटी शिट्टी ठरली. पण खरी अडचण शिट्टीची नव्हतीच. सिनेमा बघताना माणूस चुकीचा वाटला तर भाऊजींच्या हातात काही नसायचं; इथं सगळं हातात होतं. त्यामुळे ते रोज यादी बदलत. सोमवारी अर्धापूर मंजूला आणणार, "तिच्या दंडात दम हाय." मंगळवारी अर्धापूर नको, "ती स्वतःच जिना अडवील." बुधवारी अक्काला वर पाठवायची ठरली, अक्कानं गुडघा दाखवला. मुली बिचाऱ्या रसायनशास्त्राची सूत्रं पाठ करत होत्या की आज आपण कडी की कळशी हे पाठ करत होत्या, देवाला माहीत. मी मंजूला म्हटलं, "तुला काका म्हणतेत तसं कर गं बाई." ती म्हणाली, "आई, मला काही करायचंच न्हाई. मी सामान हाय."

पुढच्या खेपेला मी दुपारी पोचले. पाणी प्यायच्या आधी भाऊजींनी मला यादीत घेतलं. म्हणाले, "तुमच्यासाठी काम राखून ठेवलंय. आरडाओरडा. गल्लीला जागं करायचं. तुमचा आवाज मुदखेड जंक्शनला ऐकू जातो." मी म्हटलं, "अन् तुमचं काम काय हो? यादीत सगळे हायेत, तुमचंच नाव दिसंना." ते अगदी गंभीरपणानं म्हणाले, "डायरेक्टर पडद्यावर दिसत नसतो."

मग आम्ही चहा प्यायला बसलो. धर्माबादची आणि अर्धापूरची खाली शेंगा सोलत होत्या, मंजू वर अभ्यासाला. माझी कपबशी वाजली. मला वाटलं माझाच हात. मग फडताळातली सगळी भांडी वाजली आणि खालून, जमिनीच्या पोटातून, मोठी मालगाडी जावी तसा आवाज आला. पुढचं सांगायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात सगळं झालं. अक्का, धर्माबाद आणि अर्धापूर तिघीही कडीवर धावल्या, कारण तिघींनीही त्या आठवड्यात कधी ना कधी कडी केलेली होती. सहा हात एका कडीवर. गॅसकडे कुणी गेलं नाही, त्यावर दुधाचं पातेलं उतू चाललेलं. कळशी तिथंच. दार कसंतरी उघडलं आणि आम्ही बाहेर पडलो, आणि मी, जिचा आवाज जंक्शनला जातो, मी रस्त्यात तोंड उघडून उभी होते आणि त्यातून वाफसुद्धा निघत नव्हती. अर्धापूर म्हणाली, "मंजू?" धर्माबाद म्हणाली, "तू आणणार होतीस." अर्धापूर म्हणाली, "ते काल! आज मावशी होत्या." अक्का म्हणाली, "माझं नाव तर कटलं की परवा." आणि मला ऐकू येत होतं, की ह्या तिघी जे बोलतायत त्याचा अर्थ माझी मुलगी आत आहे असा आहे. जमीन तोवर थांबली होती. पण थांबली म्हणजे पुन्हा हलणार नाही असं कुणी लिहून दिलं होतं? मी दाराकडे निघाले तर अक्कानं माझा पदर धरला. "हे पण आत हायेत," म्हणाली. भाऊजी बाहेर आलेच नव्हते.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मग दारात माझी मंजू दिसली. तिच्या कानात कापूस तसाच होता. तिनं भाऊजींचा हात धरलेला होता, लहान मुलाचा धरतात तसा, बोटांत बोटं गुंतवून नाही, मनगटाला पकडून. ती म्हणत होती, "उंबरा हाय काका. पाय उचला. हां. आता दुसरा." ते पाय उचलत होते. चेहरा भिंतीसारखा पांढरा. तिनं त्यांना समोरच्या घराच्या कट्ट्यावर बसवलं, पुन्हा अक्काच्या घरात गेली, गॅस बंद केला, कळशी आणली आणि त्यांना पाणी पाजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू रडून राहिली का? काका वर आले होते गं मला न्यायला. पार वरच्या पायरीपर्यंत आले. अन् मग तिथंच बसले. त्यांचे पायच उठेनात."

भाऊजींनी अर्धा तांब्या पाणी प्यायलं, मंजूकडे बघितलं आणि ते इतक्या बारीक आवाजात बोलले, की आम्ही सगळे वाकलो. "कास्टिंग चुकलं माझं," म्हणाले.

हसू आलं नाही कुणालाच. मी तर सरळ आत गेले आणि मंजूची ट्रंक भरायला घेतली. पुस्तकं, कपडे, तेलाची बाटली, हाताला येईल ते. भेगेवरचे दोन कागद मधोमध फाटले होते. मंजू दारात उभी राहून म्हणाली, "आई, रविवारी टेस्ट हाय." मी म्हटलं, "असू दे." "नांदेडला घरी बसून काय करू मी?" "जिवंत राहशील." ती म्हणाली, "जिवंत तर मी हायेच की." आणि तिनं ट्रंकेतून एकेक पुस्तक काढून परत फळीवर ठेवायला सुरुवात केली. मी भरत होते, ती काढत होती. शेवटी मी तशीच बाहेर गेले आणि कट्ट्यावर बसलेल्या भाऊजींना म्हटलं, "तुम्ही सांगा. जगातल्या सगळ्यांचं तुम्हाला समजतं. ठेवू का नेऊ?" मला वाटलं, आता ते सांगतील. ज्यांना नवा सिनेमा लागला की त्यातल्या दहा-बारा माणसांची नशिबं बदलता यायची, त्यांना हे एवढंसं जड नव्हतं. पण ते म्हणाले, "मला इचारू नका, मेव्हणीबाई. मी आजवर बसल्या जागी लोकांची कामं बदलली. कुनाचं काय झालं ते मला भोगायला लागलं न्हाई. ठेवा म्हनलं अन् काही झालं तर? न्या म्हनलं अन् तिचं वरीस गेलं तर?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आईच्या जागी दुसरं कुनी उभं करता येत असतं तर मीच उभा ऱ्हायलो असतो. तुमची शप्पत."

मी ठेवली तिला. खालच्या खोलीत, दारापासून चार पावलांवर कॉट टाकून. आणि एस.टी.त बसल्यापासून आपण चुकलो असं मला वाटायला लागलं, ते पुढची दोन वर्षं रोज वाटत राहिलं. दारावरची यादी भाऊजींनी त्याच दिवशी काढली. सिनेमाबद्दलही ते बोलायचे कमी झाले. कुणी मुद्दाम खोडी काढायला विचारलं, "काय, हिरो कसा काय ह्या वेळचा?" तर म्हणायचे, "ठीक हाय. त्याच्या परीनं करून राहिला बिचारा." लोकांना वाटलं, म्हातारे झाले.

आणि चौथ्या दिवसापासून मला नांदेडला त्यांचं कार्ड यायला लागलं. रोज एक. पोस्टमन हसायचा. कार्डावर ना सिनेमा, ना गप्पा. दोनच ओळी. 'मंजू जेवली. सर्व ठीक आहे.' कधी, 'मंजू जेवली. भात जास्त घेतला. सर्व ठीक आहे.' एवढंच. ते कार्ड मला दोन दिवसांनी मिळायचं, म्हणजे माझ्या हातात पडायचं ते परवाचं 'ठीक', आणि आज काय हे परवा कळणार. तरी ते हातात घेतल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही, फक्त टपालाला सुट्टी असेल तेवढाच.

मंजूचा मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला. ती आज औषधशास्त्र शिकवते, आणि चांगलं शिकवते असं तिच्या वर्गातली मुलं म्हणतात. भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दिवसांना मी लातूरला गेले होते तेव्हा अक्काला म्हटलं, "काही म्हण, पण माझी पोर जेवली की भाऊजी आधी कार्ड लिहायचे. केवढा धीर होता मला त्याचा." अक्का म्हणाली, "अगं, जेवल्यावर कुठलं? कोपऱ्यावरची टपालपेटी सकाळी नऊला उघडायचे. त्याच्या आत पडलं न्हाई तर कार्ड दुसऱ्या दिवशी जायचं. म्हणून हे उठल्या उठल्या लिहून टाकून यायचे. 'मंजू जेवली.' पोरगी अजून झोपलेली असायची. अन् मग दिवसभर तिच्या मागं. क्लासच्या दारात डबा घेऊन उभे. परीक्षेच्या दिवसात तिला जेवण जायचं न्हाई, तर हे तिच्या बाकाशेजारी बसून राहायचे, खा गं, थोडं खा, मी तुझ्या आईला लिहून बसलोय."